बिलाआधीची नोंद

लहान व्यापार-उद्योगाच्या दप्तरात पैशाच्या व्यवहाराची नोंद जितकी काटेकोर असते, तितकी पैशाच्या आधी घडणाऱ्या व्यवहाराची नसते, ही गोष्ट अशा उद्योगांमध्ये संगणकीय प्रणाली बसवून देण्याचे काम करणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते. कीर्द-खतावणी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या टॅलीने ती संगणकावर आणली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बिलाची नोंद संगणकावर ठेवणे बहुतेकांना भागच पडले. परंतु बिल फाडण्यापूर्वी जे काही घडते, म्हणजे एखाद्या पार्टीने फोनवरून केलेली चौकशी, तिला पाठवलेले कोटेशन, दरावरून झालेले बोलणे, ‘मंगळवारपर्यंत कळवतो’ असे दिलेले आश्वासन, त्याला या दप्तरात जागा नसते, कारण त्यात अजून एका रुपयाचीही देवघेव झालेली नसते. ही जागा भरून काढणाऱ्या प्रणालीला ग्राहकसंबंध व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. व्यवहारात मात्र सर्वजण तिला सीआरएम म्हणतात आणि पुढील विवेचनातही तेच नाव वापरले आहे.

हे विवेचन भोसरी, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींमधील लहान कारखाने, आणि पुणे, सातारा, कोल्हापूर या शहरांतील पंप, जलशुद्धीकरण यंत्रे, इन्व्हर्टर, वातानुकूलन यांची विक्री व दुरुस्ती करणारी दुकाने, यांच्यासोबत केलेल्या कामावर आधारलेले आहे. मालक, एक-दोन विक्रेते, कार्यालय सांभाळणारी एक व्यक्ती आणि काही तंत्रज्ञ एवढीच माणसे जिथे असतात, तिथे सीआरएम विक्री वाढवण्याचे साधन म्हणून खपवले जाते, परंतु ते टिकते तेव्हा वेगळ्याच कारणासाठी टिकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत या कामातून बनले आहे. ग्राहकाला कोणी, कधी आणि काय शब्द दिला, आणि तो पाळण्याची पुढची तारीख कोणती, याची सर्वांना दिसणारी नोंद ठेवणे हे ते कारण होय.

अशा कोणत्याही प्रणालीच्या मुळाशी तीन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली ग्राहकाची: नाव, पत्ता, दूरध्वनी, करनोंदणी क्रमांक. दुसरी संभाव्य व्यवहाराची: कोणत्या मालाची चौकशी आहे, किती रकमेची आहे आणि ती कुठवर आली आहे. तिसरी कृतीची: कोण कोणाशी बोलले, काय ठरले आणि यापुढे काय करायचे आहे. पहिल्या दोन प्रकारांकडे प्रणाली विकणाऱ्याचे आणि विकत घेणाऱ्याचे लक्ष असते, तिसऱ्याकडे दोघांचेही नसते. आणि लहान उद्योगात सर्व फरक पडतो तो या तिसऱ्या प्रकारामुळे.

हे असे का झाले याचे उत्तर या प्रणालींच्या इतिहासात सापडते. १९८७ मध्ये अमेरिकेत ‘अ‍ॅक्ट’ नावाची प्रणाली बाजारात आली, ती एकट्या विक्रेत्याला स्वतःचे संपर्क आणि भेटीगाठी सांभाळता याव्यात म्हणून लिहिलेली होती. त्यानंतर टॉम सीबेल आणि पॅट्रिशिया हाउस यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या सीबेल सिस्टिम्स या कंपनीने गिऱ्हाईक म्हणून मोठ्या कंपन्या निवडल्या, जिथे शेकडो विक्रेते देशभर विखुरलेले असत आणि मुख्यालयातील अधिकाऱ्याला त्यांच्यावर नजर ठेवायची असे. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या सेल्सफोर्सने हीच कल्पना स्वतःच्या सर्व्हरवरून मासिक भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि ॲडव्हेंटनेट या कंपनीने, जिचे नाव पुढे झोहो झाले, २००५ मध्ये आपली सीआरएम आणली, तेव्हा ही सोय भारतातील लहान उद्योगाच्या खिशाला परवडू लागली. किंमत खाली आली, बसवणे सोपे झाले, पण पडद्यावरची मांडणी बरीचशी तीच राहिली: चौकशीपासून ऑर्डरपर्यंतचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला ऑर्डर मिळण्याची टक्केवारी, आणि रक्कम व टक्केवारी यांचा गुणाकार करून काढलेला येत्या तिमाहीच्या विक्रीचा अंदाज.

ज्या कंपनीत एका वेळी हजारो चौकशा चालू असतात तिथे हा गुणाकार उपयोगी पडतो, कारण काही अंदाज वर चुकतात, काही खाली चुकतात आणि एकंदर आकडा बऱ्यापैकी जुळतो. शिरोलीतील एखाद्या फाउंड्रीकडे मात्र एका वेळी मोजक्याच चौकशा असतात आणि त्यांतील एक बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठी असू शकते. ती मोठी ऑर्डर एकतर पूर्ण मिळते किंवा अजिबात मिळत नाही. साठ टक्के मिळत नाही. तरीही प्रणाली साठ टक्क्यांचा आकडा दाखवते, मालक तो पाहतो, त्याच्या अनुभवाशी तो जुळत नाही, आणि एवढ्या एका कारणाने त्याचा सगळ्या पडद्यावरचा विश्वास उडतो. म्हणून लहान उद्योगात सीआरएम बसवताना टक्केवारीचे रकाने सरळ लपवून ठेवावेत आणि टप्पेही चारपेक्षा जास्त ठेवू नयेत, असे प्रस्तुत लेखकाला अनुभवाअंती ठामपणे वाटते: चौकशी आली, कोटेशन गेले, बोलणे चालू आहे, मिटले. मिटले म्हणजे ऑर्डर मिळाली किंवा हातची गेली. आणि गेली असेल तर कोणाकडे व कशासाठी, एवढे लिहिले की पुरते.

प्रत्यक्ष बसवण्याच्या कामाचा पहिला आणि सर्वांत कंटाळवाणा भाग म्हणजे जुनी माहिती आत आणणे, आणि या भागाची किंमत कोणत्याही कोटेशनमध्ये धड धरलेली नसते. ग्राहकांची यादी बहुधा चार ठिकाणी विखुरलेली असते: टॅलीत, कार्यालयातील एक्सेलच्या फायलीत, मालकाच्या डायरीत आणि विक्रेत्यांच्या मोबाइलमध्ये. मोबाइलमधील नावे ‘पाटील पंप’, ‘शिंदे साहेब चाकण’, ‘जाधव नवीन’ अशी असतात, जी लिहिणाऱ्याला पुरेशी असतात आणि दुसऱ्या कोणालाही काहीच सांगत नाहीत. प्रणालीला मात्र पहिले नाव, आडनाव आणि कंपनी असे वेगळे रकाने हवे असतात आणि अनेक प्रणालींत आडनाव भरल्याशिवाय नोंद जतनच होत नाही, त्यामुळे कार्यालयातील मुलगी आडनावाच्या जागी टिंब टाकून पुढे जाते. वर्षभराने अशी टिंबे शेकड्यांनी झालेली असतात.

एकाच ग्राहकाच्या दुबार नोंदी शोधताना नावावर विसंबता येत नाही, कारण ट्रेडर्स, ट्रेडिंग, ट्रेडिंग कंपनी असा एकाच पेढीचा तीन प्रकारे उल्लेख झालेला असतो. व्यवसाय-ग्राहकांसाठी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे पंधरा अक्षरांचा करनोंदणी क्रमांक. त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या पेढीचा पॅन असतो, त्यामुळे एकाच कंपनीची पुण्यातील आणि बेळगावातील शाखा या दोन वेगळ्या नोंदी असल्या तरी एकाच मालकीच्या आहेत हे मधल्या दहा अक्षरांवरून ओळखता येते. घरगुती ग्राहकासाठी मोबाइल क्रमांक हीच खूण. येथे एक तांत्रिक धोका सांगितलाच पाहिजे, कारण त्याने अनेकांच्या याद्या नासवल्या आहेत: ९१ हा देशाचा अंक लावलेला बारा आकडी क्रमांक एक्सेल साधी संख्या समजून घातांकाच्या रूपात दाखवते, आणि तशा अवस्थेत फाइल साध्या मजकुराच्या नमुन्यात जतन केली तर शेवटचे आकडे कायमचे पुसले जातात. तो रकाना आधी मजकूर म्हणून घोषित करणे एवढाच यावरचा उपाय आहे.

यादी आत आल्यावर खरा प्रश्न माणसांचा उरतो. विक्रेत्याच्या दृष्टीने त्याचा मोबाइल ही त्याची पुंजी असते. कोणत्या कारखान्यात खरेदीचा निर्णय कोण घेतो, त्याला केव्हा फोन करावा, तो कोणत्या दराला मान्य होतो, हे ज्ञान त्याने उन्हातान्हात फिरून मिळवलेले असते आणि ते प्रणालीत भरणे म्हणजे आपली गरज संपवून घेणे, असे त्याला वाटते. ही भीती निराधार नाही, आणि तिला आळस म्हणून मोडीत काढणाऱ्या मालकाला प्रणालीत कधीच खरी माहिती मिळत नाही. त्यातच अनेक प्रणालींत विक्रेत्याचा ठावठिकाणा नकाशावर दाखवण्याची सोय असते आणि मालकाला ती सर्वांत आधी हवी असते. ती चालू केली की विक्रेता नोंदी करतो, पण त्या शनिवारी संध्याकाळी एका बैठकीत, आठवड्याभराच्या भेटी आठवून, प्रत्येकीपुढे ‘चर्चा सकारात्मक’ असे लिहून. अशा नोंदींनी पडदा भरलेला दिसतो आणि त्यातून कोणालाही काही कळत नाही. ठावठिकाण्याची सोय बंद ठेवावी, निदान पहिले वर्षभर तरी, या सल्ल्यावर मालकांशी जितका वाद होतो तितका दुसऱ्या कशावरही होत नाही, तरीही तो सल्ला सोडू नये.

विक्रेता नोंद कधी मनापासून करतो, हेही पाहण्यासारखे आहे. जेव्हा त्या नोंदीतून त्याचे स्वतःचे काम हलके होते तेव्हा. कोटेशन कार्यालयात फोन करून टाइप करून घेण्याऐवजी त्याला पार्टीच्या दारातच तयार करता आले, ग्राहकाची थकबाकी किती आहे हे आत शिरण्यापूर्वी मोबाइलवर दिसले, तंत्रज्ञ काल येऊन गेला की नाही हे विचारायला लागले नाही, तर तो बदल्यात दोन ओळी लिहायला तयार होतो. म्हणून टॅलीतील येणे बाकी सीआरएममध्ये दिसण्याची जोडणी ही चैनीची गोष्ट नसून विक्रेत्याच्या सहकार्याची पहिली अट आहे.

विक्रेत्यापेक्षाही अवघड माणूस म्हणजे मालक. लहान उद्योगातील सर्वांत मोठे ग्राहक मालकाचे स्वतःचे असतात, त्यांच्याशी होणारी बोलणी त्याच्याच मोबाइलवर होतात आणि त्यांची नोंद करणे त्याला कमीपणाचे नसले तरी अनावश्यक वाटते, कारण त्याला सगळे आठवते. परिणामी प्रणालीत छोट्या चौकशा सविस्तर आणि मोठ्या चौकशा गायब, असे उलटे चित्र तयार होते. शिवाय मालक नोंद न वाचता विक्रेत्याला बोलावून ‘काय झाले त्या चिंचवडच्या पार्टीचे’ असे तोंडी विचारतो, तेव्हा लिहिलेले कोणी वाचत नाही हा निरोप सगळ्यांना मिळतो. याउलट जिथे सकाळची बैठक पडद्यासमोर बसून, त्या दिवशीच्या तारखेच्या कामांची यादी वाचून होते आणि यादीत नसलेल्या विषयावर बोलणे होत नाही, तिथे काही महिन्यांत लिहिण्याची सवय आपोआप लागलेली दिसते. प्रणाली कोणती हे अशा ठिकाणी फारसे महत्त्वाचे राहत नाही.

सीआरएमचा सर्वांत स्वच्छ उपयोग मात्र विक्रीच्या दुकानात नव्हे, तर दुरुस्ती आणि देखभालीच्या व्यवसायात दिसतो, आणि या विषयावर थोडे थांबणे आवश्यक आहे. जलशुद्धीकरण यंत्र बसवणाऱ्या दुकानाची खरी कमाई यंत्र विकण्यात कमी आणि वार्षिक देखभाल करारात अधिक असते. एएमसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या करारात ग्राहक वर्षाची ठरावीक रक्कम आधी देतो आणि दुकानदार ठरलेल्या फेऱ्या व काही सुटे भाग देण्याचे बांधून घेतो. गाळणी, कार्बनचा भाग आणि पाणी गाळणारा पडदा (मेम्ब्रेन) यांचे आयुष्य वेगवेगळे असते, ते पाण्याच्या क्षारांवर अवलंबून असते, आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा पडदा नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रापेक्षा लवकर बाद होतो. येथे पुढची तारीख कोणा माणसाच्या मनावर अवलंबून नसते, ती यंत्राच्या वयावरून आणि पाण्यावरून निघते. त्यामुळे बसवण्याची तारीख, पाण्याचा स्रोत, प्रत्येक फेरीत मोजलेले विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण आणि बदललेला भाग एवढे लिहिले की उरलेले काम प्रणाली करते: कोणाचा करार पुढच्या महिन्यात संपतो, कोणाकडे फेरी राहिली आहे, कोणत्या भागातील चार फेऱ्या एकाच दुपारी होऊ शकतात.

अशा दुकानांत पूर्वी काय होत असे, याचीही नोंद असावी. करार संपल्याचे दुकानाला कळत नसे, ग्राहकालाही आठवत नसे, यंत्रातून कमी पाणी येऊ लागले की तो इंटरनेटवर मिळालेल्या कोणत्याही क्रमांकावर फोन करी आणि भलताच माणूस येऊन भलताच पडदा बसवून जाई. येथे दुकानाचे उत्पन्न बुडे, परंतु ग्राहकाचे पिण्याचे पाणीही बिघडे, आणि म्हणून वेळेवर गेलेला आठवणीचा फोन हा केवळ धंद्याचा डाव नसून केलेल्या कराराचाच भाग आहे, असे मानणारे दुकानदार या प्रणालीचा सर्वांत चांगला वापर करताना दिसले आहेत. तंत्रज्ञांनाही ती आवडते, कारण दारात उभे राहून ‘मागच्या वेळी कोण आले होते’ या प्रश्नापुढे निरुत्तर व्हावे लागत नाही.

भोसरीतील जॉबवर्क करणाऱ्या कारखान्याची गोष्ट वेगळी. दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे सुटे भाग यंत्रावर कातून देणाऱ्या या कारखान्याचे ग्राहक थोडे असतात आणि वर्षानुवर्षे तेच असतात; त्याला नव्या चौकशांची रांग सांभाळायची नसते. त्याच्यासाठी सीआरएम उपयोगी पडते ते कोटेशन कोणत्या ड्रॉइंगच्या कितव्या सुधारित आवृत्तीवर दिले होते, नमुना कोणी मंजूर केला, कच्च्या मालाचा कोणता भाव धरून दर काढला, हे सापडण्यासाठी. आवृत्ती बदलली, सहनमर्यादा अरुंद झाली आणि दर जुनाच राहिला, तर तोटा कारखान्याच्या पदरी येतो, आणि तो सिद्ध करायला कागद नसतो. देयकांबाबतही तसेच आहे: २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, आणि माल स्वीकारल्याच्या तारखेची नोंद जवळ असेल तरच त्या दिवसांची मोजणी करता येते.

या सगळ्यात व्हॉट्सॲपला टाळून पुढे जाता येत नाही, कारण लहान उद्योगाचे ग्राहकांशी होणारे बोलणे आता बहुतांशी तिथेच होते. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये संभाषणांना नवा ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे बाकी अशी लेबले लावता येतात, आणि अगदी एकट्याने चालवलेल्या धंद्याला एवढे पुरू शकते. माणसे दोन झाली की अडचण सुरू होते, कारण विक्रेत्याच्या खासगी क्रमांकावरचे बोलणे तो नोकरी सोडताना सोबत घेऊन जातो. पेढीच्या नावावर सिमकार्ड घेऊन ते विक्रेत्याला देणे हा साधा उपाय पहिल्याच दिवशी करायला हवा. पुढची पायरी म्हणजे व्हॉट्सॲप आणि सीआरएम यांची अधिकृत जोडणी. तिच्यात ग्राहकाने संदेश पाठवल्यापासून २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येते, त्यानंतर मात्र आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातच संदेश पाठवावा लागतो आणि त्यासाठी दर द्यावा लागतो. हे बंधन लहान व्यावसायिकाला जाचक वाटते, पण ग्राहकाच्या बाजूने पाहिल्यास ते योग्यच आहे. व्यापारी लघुसंदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेले नियम आणि २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा यांचीही दिशा तीच आहे: ज्या कामासाठी क्रमांक दिला, त्याच कामासाठी तो वापरला जावा.

ग्राहकाविषयी काय लिहावे आणि काय लिहू नये, हा प्रश्न कायद्याच्या पलीकडेही उरतो. शेऱ्याच्या रकान्यात ‘कटकट्या माणूस’, ‘पैसे बुडवणारा’ असे लिहिलेले आढळते, आणि पुढे येणारा नवा विक्रेता तो शेरा वाचून त्या माणसाशी त्याच नजरेने वागतो, जरी मूळ भांडणात दुकानाचीच चूक असली तरी. जे घडले ते तारखेसह लिहावे, माणसाविषयीचे मत लिहू नये, हा नियम प्रशिक्षणाच्या पहिल्या तासात सांगितला पाहिजे: ‘दोन वेळा तक्रार, दोन्ही वेळा मोटार गरम, वायंडिंग बदलून दिले’ या शेऱ्याने ग्राहकाचे आणि दुकानाचे दोघांचेही भले होते.

खर्चाबाबत थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच आहे की दर बहुधा माणशी मासिक असतो आणि तो वाचवण्यासाठी तिघांनी एकच पासवर्ड वापरण्याची प्रथा सर्वत्र आहे. तिने पैसे वाचतात, पण नोंद कोणी केली हेच पुसले जाते, आणि शब्द कोणी दिला हे कळले नाही तर नोंदीत काही उरत नाही. काही प्रणालींच्या मर्यादित आवृत्त्या मोजक्या माणसांसाठी विनामूल्य असतात. सुरुवात तिथून करणे हे एकाच पासवर्डच्या सशुल्क आवृत्तीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

प्रणाली निवडतानाच ती सोडून जाण्याची वाटही पाहून ठेवावी लागते, कारण दर वाढतात, कंपन्या विकल्या जातात आणि सीबेलसारखी एके काळी आपल्या क्षेत्रातील सर्वांत मोठी असलेली कंपनीदेखील २००६ मध्ये ओरॅकलच्या मालकीची झाली. दर महिन्याला सर्व नोंदी उतरवून पेढीच्या स्वतःच्या संगणकावर ठेवण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे द्यावे. अनेक प्रणालींत ग्राहकांची यादी एका फाइलमध्ये, बोलण्याच्या नोंदी दुसऱ्या फाइलमध्ये आणि जोडलेली ड्रॉइंगे तिसऱ्याच ठिकाणाहून निघतात. त्यामुळे उतरवलेली प्रत उघडून, ओळखीच्या दोन-तीन पार्ट्यांचे शेरे आणि पुढच्या तारखा त्यात आल्या आहेत की नाहीत, हे त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण घाईने घेतलेल्या प्रतीत नाव-पत्ते तेवढे असतात आणि बोलणे राहून गेलेले असते.